तिसऱ्या हाकेला वारा

घरून,
३ नोव्हेंबर, सोमवार दुपार

प्रिय मोजणीदार,

अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. तुझं पत्र, माझ्यासाठी नव्याने लिहिलेलं पान आणि दोन तिकिटं, सगळं नीट पोचलं. उत्तराला तीन दिवस लागले, पण तब्येतीचं काही कारण नाही. गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. गुडघाही जिना चढतानाच बोलतो, उतरताना गप्प असतो.

इथली खुशाली म्हणशील तर वाद्यांच्या खोलीत नवी कपाटं आली आणि तेव्हापासून कुणाला काही सापडत नाही. गाईंच्या गळ्यातल्या घंटा दोन दिवस हरवल्या होत्या, शेवटी मोठ्या ढोलाच्या खोक्यात निघाल्या. हवा दमट आहे, त्यामुळे वाऱ्याच्या यंत्राचं कापड सैल पडलंय आणि वारा घसा बसल्यासारखा येतोय. मी आसाला मेण लावलं, कापडाची खालची दांडी दोन बोटं वर आवळली. नवी मंडळी म्हणतात, "काका, हा आवाज आता कंप्युटरमधून काढता येतो." मी म्हटलं, काढा की, आणि चहालाही त्यालाच बोलवा.

वहिनी बऱ्या आहेत. डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं, नवा चष्मा आला. आता दिसेल ते वाचतात, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा. चार वाजले की खालच्या मजल्यावरून पाण्याच्या नळीवर चमच्याने दोनदा वाजवतात आणि मी चहाला उतरतो, हे तुला माहीतच आहे. शुक्रवारी चहाला गेलो तर विचारलं, "मोजणीदाराचं पाकीट होतं ना? काय म्हणतो?"

मी म्हटलं, "मजेत आहे."

तिकिटांचं बोललो नाही. दोन्ही माझ्या ड्रॉवरमध्ये, मोज्यांच्या खाली आहेत.

तू लिहितोस, "वारेकाका, त्या संध्याकाळी तुम्ही थांबलात आणि माझ्या सुरांतल्या डोंगराला जीव आला." वर्तमानपत्रात कुणी काय छापलं त्याचं कात्रणही जोडलंयस. म्हणून आता नव्या पानावर, सतराव्या खुणेपासून नऊ बारांची घरं माझ्यापुढे कोरी आहेत आणि वर तुझ्या सुंदर अक्षरात लिहिलंय, "वारा अचानक पडतो." पंधरा तारखेच्या कार्यक्रमात पुन्हा अगदी तसंच वाजवा म्हणतोस.

मी का थांबलो, ते मात्र तू विचारलं नाहीस. पत्र मी चारदा वाचलं. कुठेतरी समासात विचारलं असेल म्हणून पाकीटही उलटं करून बघितलं.

रागावून लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. बघू कितपत जमतं.

तू आमच्या वाद्यवृंदात आलास तेव्हा सव्विशीचा होतास. मागच्या रांगेत माझ्या शेजारी उभा राहून आपली पाळी येईपर्यंत थांबायचे बार बोटांवर मोजायचास, तेही पुटपुटत. "एकशे चार, एकशे पाच." पुढच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्या बाईंनी मागे वळून विचारलं होतं, "हा काय जमीन मोजायला आलाय?" तेव्हाचा तू मोजणीदार. मी कुठल्या शाळेत संगीत शिकलेलो नाही. रंगमंचावर खुर्च्या मांडायचो, एकदा लोखंडी त्रिकोण वाजवणारा आजारी पडला म्हणून त्याच्या जागी उभा राहिलो तो बेचाळीस वर्षं उभाच आहे. तरी तू माझ्याकडून शिकलास, म्हणून मला तुझा अभिमान. डोंगर मोठ्या आवाजाने उभा राहत नाही, हे तुला मी सांगितलं. सगळी पितळी वाद्यं एकदम कोकलली की फक्त गर्दी होते. एक हॉर्न दाराबाहेर नेऊन हळू वाजवला की मध्ये दरी तयार होते. घंटा हलवायची नाही, कापडात धरून नुसती टेकवायची, म्हणजे गाय पलीकडच्या उतारावर जाते. हे तू एका दिवसात उचललंस. तुझ्या पहिल्या भागातली पहाट मी विंगेतून ऐकली. व्हायोलिनं इतकी वर आणि इतकी हळू की आवाज सुरू झाला की आपलाच कान उघडला, कळू नये. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू.

त्या खिंडीखालच्या कुरणावर गेल्या वर्षी तू मला गाडीने नेलंस. बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायलो. तू वहीत टिपत होतास, दगड कसा गडगडतो, गवतातला वारा आणि खडकातला वारा यात फरक काय. मग मी दादाचं सांगायला लागलो.

दादा माझा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. रंगमंचामागे सुतारकाम करायचा. वाऱ्याचं ते यंत्र त्याच्या हातचं. पिंपाएवढं लाकडी चाक, त्यावर चोवीस पट्ट्या, वरून जाड कापड, बाजूला फिरवायला दांडा. कापडाची शिवण वहिनींची. यंत्र झालं, पण वारा काही होईना, नुसतं चादर फाडल्यासारखं वाजायचं. दादा म्हणाला, "यंत्र बरोबर आहे. तुझ्या हाताने खरा वारा ऐकलेला नाही. चल खिंडीत." म्हणून आम्ही गेलो. कामासाठी, माझा हात तयार व्हावा म्हणून. तिथे धुकं आलं, दादा वाट शोधायला चार पावलं पुढे गेला आणि तिथून परत आलाच नाही. हे सगळ्यांना माहीत आहे.

जे कुणालाच माहीत नव्हतं, ते मी त्या बाकावर तुला सांगितलं. दादाने हाका मारल्या होत्या. तीन. मी ऐकल्या आणि गेलो नाही. दुसऱ्या हाकेला दोन पावलं टाकली, तर पायाखालचा दगड सुटला आणि तो पडल्याचा आवाज कितीतरी वेळ येतच राहिला. मग मी एका खडकाला मिठी मारून बसलो. वारा फार होता, असंही तुला सांगितलं.

मी बोलायला लागलो तेव्हा तू वही मिटलीस, पेन्सिल खिशात ठेवलीस. ते मला फार भावलं. म्हणालास, "वारेकाका, हे माझ्यापाशीच राहील." परतताना गाडीत मला झोप लागली. दिवसा झोप लागण्याची कित्येक वर्षांतली ती पहिली वेळ.

तुला पेन्सिल लागतेच कुठे, हे मला उशिरा कळलं.

तालमींत हॉर्न तीनदा हाक घालायचा, वरून खाली उतरणारी, शेवटी किंचित थरथरणारी. मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, मेंढपाळ आहे. मी मानलं. कार्यक्रमाच्या संध्याकाळी आम्ही दोघं विंगेत, ती हॉर्नवाली दाराशी आणि मी यंत्रापाशी, समोर छोट्या टीव्हीवर वाद्यवृंदाच्या संचालकांचा हात दिसतोय. सुरू व्हायला दहा मिनिटं. तिने छापील पत्रिका उघडली आणि म्हणाली, "काका, हे वाचलंत का? हा मेंढपाळ नाहीच म्हणे. कुणाच्या तरी भावाची हाक आहे." ती नवी, तिला काय माहीत. तिने मला वाचून दाखवलं. मला ते पाठ झालंय:

"तिसरा भाग, धुकं. ही सत्यघटना संगीतकाराला त्याच्या एका वृद्ध मित्राने सांगितली. भाऊ भावाला तीन हाका मारतो. दुसरा ऐकतो आणि जात नाही. वारा ही त्याची सबब."

आपल्या मंडळींत डोंगरात भाऊ गेलेला वृद्ध माणूस एकच आहे, मोजणीदार. आणि ते शेवटचं वाक्य मी तुला दिलेलं नाही. ते तुझं. त्या बाकावर, माझ्या पाठीवर हात ठेवून, तू मनात ते वाक्य जुळवत होतास.

केसाने गळा कापणं म्हणतात ते असंच असावं. कापताना कळत नाही, आणि कापणारा प्रेमाने बोलत असतो.

तुझ्या जुन्या पानावर तिसऱ्या हाकेला वारा सगळ्यात मोठा होता, हॉर्न बुडून जाईल इतका. पहिल्या हाकेला मी फिरवलं, दुसऱ्या हाकेला फिरवलं, आणि तिसऱ्या हाकेला माझा हात थांबला. मी थांबवला नाही. दांडा हातात होता, खांदा चालेना. हॉर्न एकटा, उघडा, सगळ्या सभागृहात वाजला. लोकांना वाटलं, काय सुंदर लिहिलंय. तुलाही तसंच वाटलं, आणि तू ते लिहून घेतलंस.

आता तिकिटांबद्दल. एक वहिनींचं, दुसरं त्यांच्या सोबतीला येईल त्याचं. लिहितोस, "वहिनींना पहिल्या रांगेत बसवा. त्यांच्या माणसाने बनवलेला वारा त्यांनी ऐकायला हवा. ऐकून त्यांनाही मोकळं वाटेल." मागच्या वेळी डोळ्याला पट्टी होती म्हणून त्या आल्या नाहीत. आता चष्मा आहे, आणि पत्रिका प्रत्येक खुर्चीवर ठेवलेली असते.

वहिनी गेली चौतीस वर्षं सगळ्यांना एकच सांगतात. "हाक मारायलाही वेळ मिळाला नाही ह्यांना. एका क्षणात झालं." हे सांगताना त्यांचा चेहरा निवतो. तेवढी एक गोष्ट मी त्यांना डोंगरावरून आणून दिली होती. खोटी होती, पण त्यावर त्या जगल्या.

ती गोष्ट त्यांच्याकडून तू पहिल्या रांगेत बसवून काढून घेणार आहेस. नाहीतर मला आधी जाऊन सांगावं लागणार. तिसरा रस्ता मी तीन दिवस शोधतोय.

आत्ता खालून नळी वाजली. आज चारच्या आधीच. पत्र इथेच थांबवतो.


९ नोव्हेंबर, रविवार संध्याकाळ

मोजणीदार, तेच पत्र पुढे लिहितोय. वरचं पुन्हा वाचलं, काही खोडलं नाही.

गुरुवारी सांगितलं. चार वाजायच्या आधीच खाली उतरलो. वहिनी खिडकीपाशी माझा कार्यक्रमाचा काळा कोट मांडीवर घेऊन बटण लावत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, पोटाचा घेर वाढलाय की बटणं मेली रुसलीत? बसा ना, उभं राहून काय बघताय?"

मी उभ्यानेच म्हटलं, "वहिनी, दादाने हाक मारली होती."

त्यांनी दोरा पूर्ण ओढला, गाठ मारली, दाताने तोडला. मग विचारलं, "कधी?"

"तेव्हा. धुक्यात. तीनदा."

"तुम्ही तर म्हणाला होतात, वारा फार होता, हाक मारायलाही वेळ मिळाला नाही."

"पहिल्या दोन हाकांना होता."

"आणि तिसऱ्या?"

ही गोष्ट मी तुलाही सांगितली नव्हती. त्या बाकावर तू कितीही चांगला ऐकत होतास तरी इथपर्यंत मी आलो नव्हतो. आता वहिनींना सांगून झालंय, म्हणून तुलाही लिहितो. माझ्यापाशी लपवायला काही उरलं नाही, म्हणजे तुला न्यायलाही काही उरलं नाही.

तिसऱ्या हाकेला वारा पडला होता. गवत हललं असतं तरी ऐकू आलं असतं. आणि ती नुसती हाक नव्हती. दादा म्हणाला, "धाकट्या, इकडे ये, मी धरून आहे." ओरडला नाही. कामात हातोडी मागायचा त्याच आवाजात बोलला.

वहिनी म्हणाल्या, "धरून होते?"

"हो."

"किती वेळ?"

"माहीत नाही, वहिनी. मी कान झाकले."

त्यांनी कोट उचलला, दोन्ही बाह्या सारख्या केल्या, खुर्चीच्या पाठीवर घातला. मग म्हणाल्या, "आज चहा तुमचा तुम्ही करून घ्या."

शुक्रवारी नळी वाजली नाही. शनिवारीही नाही. मी चार वाजता नळीजवळ जाऊन उभा राहत होतो, म्हातारपणी माणूस काय काय करतो. खालून भांड्यांचा आवाज येत होता, दार उघडल्या-लागल्याचा येत होता. म्हणजे ठीक होत्या. फक्त मी त्यात नव्हतो. आणि तेव्हा मी कुणावर चिडलो असेन? तुझ्यावर. दोन दिवस मी मनातल्या मनात तुला इतकं बोललो की तुझे कान लाल झाले असतील. ज्याला पोटातलं दिलं त्याने चव्हाट्यावर मांडलं, त्याच्यामुळे माझं होतं नव्हतं ते घर गेलं, असं.

आज सकाळी वहिनी वर आल्या. जिना त्यांना डॉक्टरांनी बंद केलाय, तरी आल्या. हातात तो कोट. खुर्चीवर टेकल्या, श्वास सावरला आणि म्हणाल्या, "तिकीट कुठाय?"

"कसलं तिकीट?"

"भाऊजी, तुम्ही चौतीस वर्षं गप्प राहिलात आणि नेमकं गुरुवारी बोललात. काहीतरी पत्रातून आलं असणार. बाहेर काढा."

मी मोजे बाजूला केले आणि तिकिटं दिली. तुझं पत्र दिलं, मागच्या कार्यक्रमाची पत्रिकाही दिली. त्यांनी नव्या चष्म्याने सगळं दोनदा वाचलं. पत्रिकेवर बोट ठेवून विचारलं, "हा वृद्ध मित्र म्हणजे तुम्ही?"

"हो."

"म्हणजे मोजणीदाराला माझ्याआधी माहीत होतं."

"हो."

"गेल्या महिन्यात माझ्याकडे जेवून गेला तो. दोनदा वाढून घेतलं. 'वहिनी, तुमच्या हाताला चव आहे' म्हणाला." पत्रिकेची घडी घातली. "तोंड बघून काही कळलं नाही मला."

मला वाटलं, आता त्या तुझ्यावर तुटून पडतील, आणि खरं सांगतो, मी त्याची वाटच बघत होतो. त्या माझ्याकडे वळल्या.

"आणि तुम्ही त्याला सांगितलंत. मी खालच्या मजल्यावर होते, भाऊजी. रोज चार वाजता समोर बसत होते. तुम्ही डोंगरावर जाऊन त्याला सांगितलंत."

तुझ्याविरुद्ध दोन दिवस रचलेलं सगळं भाषण जागच्या जागी बसलं. तू माझा विश्वास मोडलास, पण मी ज्यांचा मोडला त्या कोट हातात घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या. मी म्हटलं, "मी मोजणीदाराला नाही म्हणून लिहितोय. वाजवणार नाही. तुम्हीही जाऊ नका."

"मी जाणार," वहिनी म्हणाल्या. "मला वाटत होतं ते न बोलता गेले. तीनदा बोलले म्हणजे. कसे बोलले ते तुम्ही ऐकलंत, त्या मोजणीदाराने तुमच्याकडून ऐकलं, सभागृहभर लोकांनी तिकीट काढून ऐकलं. राहिले ती मीच."

"वहिनी, ते नुसतं हॉर्न आहे."

"असू दे. वारा तुम्हीच फिरवायचा. आणि थांबायचंय तिथे थांबायचं. मी तिकडेच बघत असेन."

जाताना कोट माझ्या खुंटीला अडकवला. जिना उतरताना मी हात पुढे केला तर कठड्याला धरून उतरल्या.

तर मी येतोय. नीट वाच, तुझ्यासाठी येत नाही. तुझ्या त्या कोऱ्या नऊ बारांसाठीही नाही, वर्तमानपत्रातल्या कात्रणासाठी तर नाहीच. मला हुकूम झालाय म्हणून येतोय, आणि तो हुकूम करणारं माणूस अजून माझ्याशी बोलतं एवढ्यावर माझं सध्या भागतंय.

वहिनींचे तीन निरोप आहेत, त्यांच्याच शब्दांत देतो. पहिल्या रांगेतली जागा नको, हॉर्नवाली उभी राहते त्या दाराजवळची हवी. पत्रिकेतलं वारा आणि सबब हे वाक्य खोडावं, कारण वारा नव्हता. आणि कार्यक्रमानंतर मोजणीदाराने भेटायला येऊ नये, मी घरी जाऊन पडणार आहे.

माझा निरोप एकच. पंधरा तारखेनंतर दांडा दुसऱ्या कुणाच्या हाती दे. कसा फिरवायचा ते मी त्याला दाखवीन; मनगटाने नाही, खांद्याने, आणि सुरुवात ऐकू न येईल इतकी हळू. कापडाची शिवण उसवली तर मात्र बाहेर शिवून घे. वहिनींकडे पाठवू नकोस.

तू पुढेही लिहिशील. तुला डोंगर खरंच ऐकू येतो, हे मी रागातही नाकारणार नाही. पाणी, दगड, पाखरं, सगळं घे, त्यांची कसलीच तक्रार नसते. माणूस बोलत असेल तेव्हा मात्र आधी विचारत जा. मी त्या बाकावर हो म्हटलं असतं का, मला माहीत नाही. कदाचित म्हटलं असतं, वहिनींना आधी सांगतो, मग घे. तेवढा वेळ तू मला दिला असतास तर आज मी जिन्यावर पुढे केलेला हात परत खिशात घातला नसता.

आणि हे पत्र तुला आवडलं तर तुझ्यापाशी ठेव. ह्यावेळी खरोखर.

लोभ असावा, असं खाली लिहायची रीत आहे. माझा होता.

वारेकाका